नायट्रिक आम्लाची बंधऊर्जा १७ किलोज्यूलने जास्त येते, त्याबद्दल

हायड्रॉक्सिल मूलक (मूलक म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेला कण) आणि नायट्रोजन डायऑक्साइड हा दुसरा मूलक जोडून नायट्रिक आम्ल होताना तुमच्या गणितात मोलमागे २२३ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते, मोजमापांच्या छापील तक्त्यावरून मात्र २०६ येते आणि म्हणून गणनपद्धतच बदलावी असा तुमचा विचार आहे, असे तुम्ही नांदेडहून लिहिले आहे. ते वाचून लातूरमधला माझा एक अख्खा उन्हाळा डोळ्यांसमोर आला. पद्धत बदलू नका, एवढीच विनंती आहे.

२२३ हा निव्वळ इलेक्ट्रॉनिक ऊर्जांचा, म्हणजे अणुकेंद्रे जागीच स्थिर धरून काढलेल्या ऊर्जांचा फरक आहे. कंपनांची शून्यबिंदू ऊर्जा, म्हणजे शून्य केल्विनलाही रेणूत उरणारी कंपनांची ऊर्जा, नायट्रिक आम्लात सुमारे ६८ किलोज्यूल असते आणि दोन्ही मूलकांत प्रत्येकी सुमारे २२. म्हणजे आम्ल होताना ती २४ ने वाढते आणि हाती १९९ उरतात. हे मूल्य शून्य केल्विनचे झाले. तक्ता २९८ केल्विनचा असतो. दोन कणांचा एक झाल्यामुळे तिथे आणखी सातेक किलोज्यूल बाहेर पडतात आणि २०६ चा मेळ बसतो.

मी यातले काहीच केले नव्हते. सहा-सात पद्धती आणि बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचे वर्णन करायला वापरलेल्या फलनांचे संच) आलटून-पालटून पाहिले, त्यांतल्या एका हलक्या जोडीने कोणतीही दुरुस्ती न करता २०७ दिले, आणि मी तीच प्रमाण मानून पेरॉक्सिनायट्रस आम्लाकडे, म्हणजे त्याच अणूंच्या दुसऱ्या समघटकाकडे वळलो. नायट्रिक आम्लात हलक्या पद्धतीची आणि गाळलेल्या दुरुस्तीची अशा दोन चुकांनी एकमेकींना झाकले होते; या समघटकाची कंपने निराळी आणि बंध कितीतरी दुबळा, शून्य केल्विनला सुमारे ८३ किलोज्यूलचा, त्यामुळे तिथे ते झाकण निघाले. प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी "शून्यबिंदू ऊर्जा कुठे आहे?" एवढेच विचारले. दोन प्रकरणे पुन्हा लिहावी लागली.

हा प्रश्न किरकोळ नाही. खोलीच्या तापमानाला आणि वातावरणीय दाबाला हे दोन मूलक जोडले जाताना नायट्रिक आम्लाच्या सुमारे १४ टक्के इतके पेरॉक्सिनायट्रस आम्लही बनते आणि ते लवकरच पुन्हा मूलकांत मोडते. नायट्रिक आम्ल मात्र त्या मूलकांना ओझोनच्या साखळीतून बाहेर काढते. बंधऊर्जेत सहा किलोज्यूलची चूक झाली, तर २९८ केल्विनला समतोल स्थिरांक (समतोलात किती आम्ल आणि किती मूलक उरतात ते सांगणारी संख्या) दहापटीहून जास्त बदलतो. नायट्रस आम्ल या वेगळ्या रेणूच्या सिस आणि ट्रान्स रूपांत (त्याच अणूंच्या दोन मांडण्यांत) तर जेमतेम दीड-दोन किलोज्यूलचे अंतर आहे. तिथे इतकी ढिलाई केली, तर कोणते रूप स्थिर हेच उलटे दिसू शकते.

आणखी एक, भारनियमनाच्या दिवसांत चेकपॉइंट फाइल, म्हणजे अर्धवट गणित जिथून पुढे चालू करता येते ती फाइल, ठेवत चला. आमच्या संगणकाला इन्व्हर्टर मिळावा म्हणून मी ज्या कार्यालयात अर्ज केला होता, तिथून तीन महिन्यांनी "मागणी विहित नमुन्यात नाही" असे उत्तर आले, आणि तोवर पावसाळा लागला होता.

मी आता शिकवण्यातच असतो, गणनेचा रोजचा सराव राहिलेला नाही. त्यामुळे तुमच्या मार्गदर्शकांचे मत माझ्या मतापेक्षा वरचे धरा. तिन्ही रेणूंच्या कंपनांची यादी मात्र इथे टाका. त्यात एखादी वारंवारता ऋण दिसत असेल, म्हणजे ती रचना ऊर्जेच्या तळाशी नसेल, तर वरची बेरीज-वजाबाकी करण्याआधी रेणूची रचनाच पुन्हा तपासावी लागेल.