मेंढपाळाचा खलाशी करताना

प्रिय पोरी,

कादंबरीची चौदा प्रकरणं वाचून झाली. राजकन्या, ड्रॅगन, ते बुडालेलं शहर, सगळं ठीक. मी अडलो तो तुझ्या जहाजावरच्या त्या खलाशापाशी, जो आधी मेंढपाळ होता. गडी येतो चारच प्रसंगांत, पण दुसऱ्याच प्रसंगात दीड पान स्वतःची कहाणी सांगत बसतो. दुष्काळ, मेलेली मेंढरं, बंदरावर भेटलेला तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. ते दीड पान काढ. शीड चढवता चढवता कुणी एवढं बोलत नाही गं. (माझ्या पहिल्या कादंबरीत एका नावाड्याला मी तीन पानं दिली होती. आता उघडवत नाहीत.)

त्याचं जुनं काम त्याच्या हातात दिसू दे. फलटणकडचे हटकर धनगर दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कोकणात येतात आणि रात्री शेतात वाघर लावून मेंढरं बसवतात. वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण. मुक्कामाला बांधायचं, निघताना सोडायचं. असा माणूस गलबतावर आला तर दोर त्याला नवा नाही. पण त्याची गाठ पहाटे एका झटक्यात सुटावी अशी मारलेली असणार, आणि तांडेल नेमका त्यावरूनच त्याच्या अंगावर ओरडणार.

तारेही त्याला ठाऊक असतात, पण घड्याळ म्हणून. कृत्तिका कुठवर आल्या, त्यावरून रात्र किती उरली ते कळायचं. फलटणहून कोकणात जायचं म्हणजे पश्चिमेला चालायचं, आणि त्या वाटेवर ध्रुव होता तिथंच राहतो. जहाज दक्षिणेला निघालं की मात्र तो रोज थोडा खाली उतरतो. मुंबईहून क्षितिजाच्या वर साधारण १९ अंश, कन्याकुमारीला जेमतेम ८. जुने अरबी नाखवे ही उंची बोटांच्या मापानं मोजत. तुझ्या जगात त्या ताऱ्याला हवं ते नाव दे. पण आजवर न हललेला तारा खाली आलाय हे या माणसाच्या लक्षात येतं, ती रात्र लिही. चार ओळी पुरेत. त्यानं कुणाला विचारूही नये.

आणखी एक. तुझ्या आकाशात दोन चंद्र आहेत, आणि बंदरातली भरती मात्र बाराही महिने सारखीच! दोन्ही चंद्र एका रेषेत आले की उधाण जबर येणार, हे तांडेलाला पाठ हवं. मेंढपाळाला नसलं तरी चालेल. पुळणीवर झोपलेल्या त्याची घोंगडी भिजू दे. भिजली की ती मणाची होते. बाकीचे हसतील, तरी तो तीच पांघरेल.

शेवटच्या वादळात त्याला शूर करू नकोस. वारा पडल्यावर सगळे डोलकाठीकडे बघतील, तेव्हा तो माणसं मोजत असेल. एकदा मोजून झाली की पुन्हा पहिल्यापासून.

आधी एवढा एकच प्रसंग लिहून पाठव. राजकन्येचं नंतर बघू.

तुझा,
काका