शब्दांची विचारपूस : बोर्ड

प्रश्न : मुलगी यंदा बोर्डाला बसली आहे, भाचा एका कंपनीच्या बोर्डावर आहे आणि हायवेला जागोजागी ‘लॉजिंग-बोर्डिंग’चे बोर्ड दिसतात. हे सगळे बोर्ड एकाच घरातले का? – एक वाचक, कराड

उत्तर : एकाच घरातले, आणि घर लाकडी. जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे फळी. फळीखाली आधार दिला की टेबल. मग टेबलालाही बोर्डच म्हणू लागले. त्यावर वाढलेलं जेवण तेही बोर्ड आणि त्याभोवती बसून कारभार बघणारी मंडळी तीही बोर्ड. भाचेबुवा या शेवटच्या पंगतीतले. लेकीचं बोर्डही खरं तर मंडळच, पण ‘बोर्डाला बसली’ म्हणताना मंडळ कुणाच्या मनात नसतं, नुसती परीक्षा असते. ही आपली मराठी करामत.

लॉजिंग म्हणजे राहायची सोय, बोर्डिंग म्हणजे जेवणाची. तेव्हा ज्या लॉजात चहासुद्धा बाहेरून मागवावा लागतो, त्याने ‘बोर्डिंग’ लिहू नये! शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, तिथे मात्र मुलांची राहण्याजेवण्याची दोन्ही सोय होती.

जहाजाची कडही फळ्यांचीच, म्हणून तीही बोर्ड. ‘ऑन बोर्ड’ आणि ‘ओव्हरबोर्ड’ तिथले. पूर्वी सुकाणूचं वल्हं जहाजाच्या उजव्या अंगाला असे, म्हणून उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’. यातल्या ‘स्टार’चा ताऱ्यांशी काही संबंध नाही, तो ‘स्टिअर’चा भाऊ. डावी बाजू ‘लार्बोर्ड’. आता भर वाऱ्यात कुणी ओरडून हुकूम दिला, तर यातलं नेमकं काय ऐकू येणार? शेवटी १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने डावीला ‘पोर्ट’च म्हणायचं असं फर्मान काढलं. हल्ली ऑफिसात नव्या माणसाला ‘ऑनबोर्ड’ करतात. आमच्या वेळी तो रुजू व्हायचा. मला अजून तेच बरं वाटतं.

‘अबव्ह बोर्ड’ पत्त्यांच्या डावातलं : हात टेबलाच्या वर, सगळ्यांना दिसतील असे, म्हणजे व्यवहार चोख. आणि ‘अक्रॉस द बोर्ड’ पगारवाढ मिळाली की आपण खूश होतो, पण तो शब्दप्रयोग अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीतून आला. एकाच घोड्यावर पहिला, दुसरा, तिसरा अशा तिन्ही क्रमांकांसाठी सारखेच पैसे लावायचे. त्यावरून सरसकट.