प्राण्यांचा आकडा आला कुठून?

प्रश्न : एम.फार्म. (फार्माकॉलॉजी) करून पीएच.डी.ला प्रवेश घेतला आहे. मधुमेहासाठी एका वनस्पतीच्या अर्काचा अभ्यास विस्टार रॅटवर (प्रयोगशाळेतल्या उंदरांची एक जात) करायचा आहे आणि त्यासाठी अनुदानाचं प्रपोजल पहिल्यांदाच लिहिते आहे. प्राण्यांबद्दल किती लिहावं? सीनियर म्हणतात, ‘इथिक्स कमिटीची परवानगी घेऊ’ एवढं पुरे. वेदनांबद्दल लिहिलं तर प्रपोजल नाकारतात. खरं आहे का?

उत्तर : नाही, आणि हा सल्ला मुळीच मानू नकोस. परवानगी तर घ्यावीच लागते. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार नेमलेल्या समितीकडे (पूर्वीची सीपीसीएसईए, आताची सीसीएसईए) संस्थेची नोंदणी आणि संस्थेतल्या आयएईसीची, म्हणजे प्राण्यांसाठीच्या इथिक्स कमिटीची, मंजुरी, या दोन्हींशिवाय एकाही रॅटला सुई टोचता येत नाही. त्यामुळे त्या एका वाक्यातून प्रपोजल तपासणाऱ्या तज्ज्ञाला तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. या मुलीने हा प्रयोग शेवटपर्यंत डोक्यात करून पाहिलाय का, हे तो शोधत असतो.

आधी आकडा. आपल्याकडे थिसिसमागून थिसिस ‘प्रत्येक ग्रुपमध्ये सहा’ असं लिहिलं जातं, कारण आधीच्या थिसिसमध्येही सहाच होते. तू कारण दे. जुन्या अभ्यासांतून अपेक्षित फरक आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते) मिळत असेल तर पॉवर अ‍ॅनालिसिस कर, म्हणजे तो फरक पकडायला किती प्राणी लागतील याचं गणित; जी-पॉवर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते मिळत नसेल तर रिसोर्स इक्वेशन वापर : एकूण प्राणी वजा एकूण ग्रुप, उत्तर १० ते २० मध्ये हवं. समज, तुझे पाच ग्रुप आहेत : नॉर्मल, डायबेटिक, मेटफॉर्मिन (मधुमेहाचं नेहमीचं औषध) आणि अर्काचे दोन डोस. सहाप्रमाणे ३० वजा ५, म्हणजे २५. हे जास्त झाले. पाचप्रमाणे २५ वजा ५, बरोबर २०. आता स्ट्रेप्टोझोटोसिन (रॅटला मधुमेह व्हावा म्हणून देतात ते रसायन) दिल्यावर काही रॅट दगावतात, काहींची साखर वाढतच नाही. १० टक्के गळती धरली तर ५ भागिले ०.९, साधारण ५.६, म्हणून सहा. नॉर्मल ग्रुपला ते इंजेक्शनच नाही, तिथे पाच पुरतात. एकूण २९. फिरून जवळपास तिथेच आलो, पण आता प्रत्येक रॅटचा हिशेब देता येतो, आणि एक जीव वाचला. मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

वेदना लपवल्या की उलट संशय येतो. स्ट्रेप्टोझोटोसिननंतर पहिल्या दिवशी नष्ट होणाऱ्या, स्वादुपिंडातल्या बीटा पेशींतलं इन्सुलिन बाहेर पडतं आणि साखर एकदम उतरते. म्हणून रात्रभर ग्लुकोजचं पाणी ठेवतात. पुढे लघवी इतकी वाढते की पिंजऱ्यातला भुसा वारंवार बदलावा लागतो. हे सगळं लिही. रक्त कुठून, किती वेळा, किती मिली घेणार? भूल कोणती? वजन किती घटलं की त्या रॅटला प्रयोगातून काढून वेदनारहित मरण द्यायचं? २० टक्के ही मर्यादा बरेच जण धरतात. तो निर्णय कोण घेणार, रोज कोण बघणार, हेही लिही. आपण त्याला आजारी पाडणार आहोत; एवढं तर आपण त्याचं देणं लागतो.

टेस्ट ट्यूबमध्ये आणि सेल लाइनवर काय कळलं आणि कोणत्या प्रश्नाला अख्खा प्राणीच लागतो, हे चार ओळींत येऊ दे. रॅट कुठल्या ग्रुपमध्ये जाणार हे रँडम पद्धतीने ठरवणं आणि साखर मोजणाऱ्याला ग्रुप माहीत नसणं, हेही त्यात हवं. ‘अराइव्ह’ या, प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल कसं लिहावं हे सांगणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांची २०२०ची आवृत्ती पेपर लिहिणाऱ्यांसाठी आहे, पण तू ती आत्ताच समोर ठेव.

फॉर्म बी (आयएईसीकडे करायचा अर्ज) आणि प्रपोजल यांतले आकडे जुळव. एकीकडे २९ आणि दुसरीकडे ३६ असं झालं तर दोन्हीकडे अडकशील. ही मेहनत पुढेही कामाला येईल : पुणे, हैदराबाद, बेंगळुरूच्या प्रीक्लिनिकल (माणसांआधी प्राण्यांवर औषधं तपासणाऱ्या) कंपन्यांत असा प्रोटोकॉल लिहिता येणारी माणसं लागतातच.

पाठवण्याआधी हा भाग गाईडसरांबरोबर अ‍ॅनिमल हाऊसच्या पशुवैद्यकांनाही वाचायला दे. भुलीच्या आणि रक्ताच्या प्रमाणातली चूक त्यांना लगेच दिसते.