‘मी आहे ना, तू कर’ म्हणणारे सर आणि आपली सही

ताई, तुझा प्रश्न दोनदा वाचला. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, तालुक्याच्या गावी खासगी प्रसूतिगृहात कायमची नाइट. सर वरच्याच मजल्यावर राहतात, पण फोनवरून ‘सिन्टो (कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन) लाव, मेम्ब्रेन (पाण्याची पिशवी) फोड, डोकं दिसलं की हाक मार’ सांगून मोकळे होतात. आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, जेवायला जातो तो सकाळीच उगवतो, आणि त्याचा राउंड केसपेपरवर तूच लिहून ठेवायचा. काही विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘मी आहे ना.’ अशी कामं करावीत की नाही, हे तू विचारतेस.

बऱ्याच जणींनी तुला सांगितलं की लेखी ऑर्डर घे आणि कर. धुळे-जळगावकडे सरकारी आणि खासगी दोन्ही पाणी पिऊन झालेल्या माणसाचं मत जरा वेगळं आहे. लेखी ऑर्डर काही कामांत तुला वाचवते. काही कामांत तिचा काडीचा उपयोग नाही. त्यामुळे सही मागण्याआधी हे काम कुणाचं आहे ते बघ.

नॉर्मल बाळंतपण घे. आपल्या नोंदणीत परिचारिकेबरोबर प्रसाविकाही आहे, म्हणजे पीव्ही (आतून तपासणी) करणं, बाळाचे ठोके ऐकणं, पार्टोग्राफ (बाळंतपणाच्या प्रगतीचा तक्ता) भरणं, नॉर्मल डिलिव्हरी करणं हे आपलंच काम. ‘डिलिव्हरी सिस्टरने केली’ एवढ्यावरून कुणी तुला गुन्हेगार ठरवू शकत नाही. इंजेक्शन, सलाईन, कॅथेटर हेही आपलंच, फक्त औषध कोणतं आणि किती ते डॉक्टरांनी ठरवायचं. इथे ऑर्डर लेखी असली की तू भक्कम उभी राहतेस.

कळा वाढवायला सिन्टो लावणं ही मधली गोष्ट, आणि सगळा घोळ इथेच होतो. सरकारच्या कुशल प्रसूती सेवेच्या मार्गदर्शक सूचनांत एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) आणि स्टाफ नर्सला ऑक्सिटोसिन द्यायची मुभा आहे, पण बाळ बाहेर आल्यावर, रक्तस्राव होऊ नये म्हणून, १० युनिट स्नायूत. कळा वाढवायला आपल्या मनाने लावायची मुभा नाही. डॉक्टरांनी स्वतः तपासलं, डोकं बसतंय का बघितलं, आधी सिझेरियन झालंय का विचारलं, किती युनिट किती थेंबांनी ते लिहिलं, तर ड्रिप तू लाव आणि शेजारी बसून थेंब मोज. पेशंट न बघता वरून फोनवर ‘लाव’ म्हटलं तर तो निर्णय तुझ्या गळ्यात पडला. गर्भाशय फाटलं तर पहिला प्रश्न येतो की लावली कुणी. मेम्ब्रेन फोडायचंही तेच. डोकं वर असताना फोडलं आणि नाळ खाली आली, तर सर जिना उतरेपर्यंत वेळ नसतो.

आणि काही कामं अशी की तिथे सरांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं तरी चालत नाही. गर्भपात कुणी करायचा हे १९७१ च्या कायद्यात ठरलेलं आहे: नोंदणीकृत डॉक्टर, तोही ठरावीक अनुभव किंवा प्रशिक्षण असलेला. इतर कुणी केला तर दोन ते सात वर्षं सक्तमजुरी. भूल देणं, सोनोग्राफीचा प्रोब धरणं, मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर सही करणं, डॉक्टर नसताना औषधांची चिठ्ठी लिहून देणं, हे सगळं याच रांगेत. जे काम त्यांना तुझ्याकडे सोपवताच येत नाही, त्याची जबाबदारी ते घेणार कशी?

यातली एक गोष्ट आपल्यातल्या फार थोड्या जणींना माहीत आहे. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६(१) मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचार करताना झाला तर मात्र कमाल दोन वर्षं. ही सवलत डॉक्टरांच्या नोंदणीला आहे, आपल्या नाही. म्हणजे सरांचं काम सरांच्या ऐवजी तू केलंस आणि बिघडलं, तर तुझ्यावरच्या कलमाची कमाल मर्यादा त्यांच्याहून जास्त. ‘मी आहे ना’ ऐकताना हे आकडे डोक्यात ठेव.

हॉस्पिटल सुटतं असंही नाही. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या प्रकरणात निकाल दिला. दिल्लीतली घटना. लहान मुलाला शिरेतून द्यायचं इंजेक्शन निवासी डॉक्टरने स्वतः द्यायचं सोडून नर्सवर टाकलं, तिने भलतंच औषध दिलं, आणि पोराच्या मेंदूला कायमची इजा झाली. नर्सची कोणत्याही परिचारिका परिषदेकडे नोंदणीच नव्हती. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख भरपाई हॉस्पिटलच्या माथी बसली. सरांशी बोलायची वेळ आली तर हे प्रकरण कायद्याच्या धमकीसारखं नको, काळजीच्या सुरात काढ. पैशांचा आकडा मालकाला लगेच कळतो. (आणि हो, तुमच्याकडे दहावी-बारावी झालेल्या मुलींना पांढरा कोट घालून ‘सिस्टर’ म्हणत असतील, तर त्यांनी दिलेलं इंजेक्शन तुझ्या सहीने रजिस्टरला चढवू नकोस. आपल्या भागात हे सर्रास चालतं.)

एका बहिणीने खाली विचारलंय, ‘मग धडगाव-अक्कलकुव्याच्या एएनएमने काय हातावर हात ठेवून बसायचं?’ मुळीच नाही. पावसाळ्यात सातपुड्यातल्या पाड्यावरून बाई झोळीत घालून आणतात, तिथे डॉक्टर कुठून आणणार. झटके आलेल्या बाईला पुढे पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही नितंबांत पाच-पाच ग्रॅम, एएनएमने द्यायचा हे त्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. ते तिला शिकवलेलं आहे, आणि पुढच्या गाडीची सोयही त्याच सूचनांत धरलेली आहे. तिचं काम वाढवलं ते पेशंटसाठी, रीतसर. तुझ्या सरांची झोप मोडू नये म्हणून तुझं काम वाढवणं ही वेगळी गोष्ट आहे, दोन्हींची सरमिसळ करू नका.

आता नकार द्यायचा कसा. ‘हे माझ्या कक्षेत नाही’ हे वाक्य लेबर रूममध्ये रात्री दोनला चालत नाही, वर उद्धट म्हणून नाव होतं. अमळनेरकडच्या आमच्या एक इन्चार्ज सिस्टर होत्या, त्यांची पद्धत सांगते. ट्रे लावायच्या, सरांच्या मापाचे ग्लोव्हज काढून वर ठेवायच्या, दिवा खाली ओढायच्या, आणि फोन स्पीकरवर टाकून म्हणायच्या, ‘सर, सगळं तयार आहे. गर्भाशयाचं तोंड सहा सेंटिमीटर आहे, डोकं अजून वर आहे, बाळाचे ठोके १०८ आहेत. तुम्ही या.’ बस. ‘काय करू?’ विचारायच्याच नाहीत. ठोक्यांचा असा घसरलेला आकडा ऐकल्यावर घरी झोपून राहणारा डॉक्टर मी पाहिला नाही, कारण स्पीकरवर नातेवाईकही ऐकत असतात. सर आले नाहीतच तर नर्सिंग नोट्समध्ये दोन ओळी: ‘२.१० वा. सरांना फोन, ठोके १०८ कळवले. २.२० वा. पुन्हा फोन.’ आम्ही नवीन पोरी घाबरून सिरिंज भरायला लागलो की त्या ओरडायच्या, ‘सही कोनी शे ते देख पहिले!’ (सही कुणाची आहे ते आधी बघ!)

फोनवरची ऑर्डर घ्यावीच लागली तर औषध, मात्रा, मार्ग, वेळ लिहून घे, त्यांना परत वाचून दाखव, जमल्यास दुसऱ्या सिस्टरलाही ऐकव, आणि २४ तासांत सही घे. पोटॅशियम, इन्सुलिन, हेपारिन असली धोक्याची औषधं शक्यतो तोंडी ऑर्डरवर नाहीच. व्हॉट्सअॅपवर ‘सर, बेड ४ ला तुम्ही सांगितल्याप्रमाणे अमुक देते आहे’ एवढं टाकून ठेवलं तरी पुरावा राहतो. पेशंटचं नाव मात्र टाकू नकोस.

आरएमओचा राउंड लिहिण्याबद्दल एका शब्दात: नको. दुसऱ्याने तपासलं असं तू लिहिणं म्हणजे खोटा कागद तयार करणं, आणि तो तुझ्या अक्षरात आहे. त्याच्या रकान्यात काहीच लिहू नकोस, तू जे पाहिलंस ते तुझ्या नोट्समध्ये लिही. रकाना कोरा का, हे त्याला विचारू दे.

तक्रार कुठे करायची म्हणशील तर महापालिका हद्दीत आरोग्य अधिकारी, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक, प्रसूतिगृहाची नोंदणी त्यांच्याकडे असते. पण खरं सांगते, आपल्या तालुक्याच्या गावांत सगळे डॉक्टर एकमेकांचे सोयरे-मित्र. कुणी तक्रार केली हे दुपारपर्यंत कळतं. म्हणून आधी मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे अडकली असतील तर ‘नूतनीकरणाला लागतात’ म्हणून काढून घे, परिषदेची नोंदणी चालू आहे का बघ, दुसरीकडे विचारणा सुरू कर. तक्रार त्यानंतर.

अनुभवाचा दाखला अडवतील अशी भीती तू लिहिली आहेस. अडवू शकतात. नेमणूकपत्र, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, ड्युटी चार्टवर तुझं नाव असलेले फोटो आजपासून जमवायला लाग. पगार रोख देत असतील तर या महिन्यापासून खात्यावर माग, बचत खात्याचं कारण सांग. धुळ्याकडे यायची तयारी असेल तर मला वैयक्तिक निरोप कर.