मुंबईच्या उकाड्यात घरी ब्लॅक अँड व्हाइट रोल धुता येतो का?

तुमचा प्रश्न असा: घरातला जुना फिल्म कॅमेरा चालू निघाला आहे, रोल स्वतः धुवायची हौस आहे, पण दोन खोल्यांत डार्करूम कुठून आणायची?

डार्करूमची चिंता सोडा. अंधार लागतो तो फक्त रोल धुण्याच्या टाकीतल्या रिळावर चढवताना, आणि तेवढा चेंजिंग बॅगेत, म्हणजे हात घालायला बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत, मिळतो. टाकीचं झाकण बसलं की पुढचं सगळं काम उजेडात, मोरीत होतं. आपल्याकडे खरा त्रास उष्णतेचा आणि दमटपणाचा. फिल्म किती वेळ धुवायची याच्या तक्त्यांतल्या वेळा २० अंश सेल्सिअसच्या असतात आणि मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी ३० च्या आसपास असतं.

बॅगेत हात घातले की दोन मिनिटांत घाम सुटतो. प्लॅस्टिकच्या रिळाला जरा जरी ओल लागली तरी फिल्म अर्ध्यात अडकते, आणि जोर केला की मुडपते. धुतल्यावर तिथे चंद्रकोरीसारखा डाग दिसतो. म्हणून रीळ आधी हेअर ड्रायरने कोरडं करा, फिल्मची दोन्ही टोकं कात्रीने जराशी गोल कापा, आणि पंख्याखाली बसून हे काम करा. तरीही अडकलीच, तर फिल्म सुटीच टाकीत ठेवून झाकण लावा, हात बाहेर काढून पुसा, पाच मिनिटांनी पुन्हा चढवा. आधी एक फुकट गेलेला रोल घेऊन उजेडात दहा वेळा सराव केलेला बरा.

डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, म्हणून मी आयडी-११ किंवा डी-७६ सुचवेन. तयार पावडर मिळते, पण घरी बनवणंही सोपं आहे. प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे चौकशी करा. १ लिटरसाठी: ५० अंशांचं ७५० मिली पाणी, त्यात चिमूटभर सोडिअम सल्फाइट, मग मेटॉल २ ग्रॅम. ते पूर्ण विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट (एकूण १०० ग्रॅम, निर्जल), हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम, आणि शेवटी पाणी घालून १ लिटर. क्रम बदलू नका: सगळं सल्फाइट आधी पडलं तर मेटॉल नीट विरघळत नाही. दुकानात ‘सल्फाइट’ स्पष्ट सांगा, सल्फेट वेगळं. मेटॉलची काहींना त्वचेची ॲलर्जी होते, हातमोजे घाला; भांडी-चमचे स्वयंपाकाचे नकोत. बाटली काठोकाठ भरून ठेवा. अर्धी रिकामी बाटली महिनाभरातच संपवलेली बरी.

वापरताना ते निम्म्याला निम्मं पाणी घालून घ्या, म्हणजे ३५ मिमीच्या एका रोलला १५० मिली डेव्हलपर, १५० मिली पाणी. यातच आपला उपाय दडला आहे. डेव्हलपर ३० अंशांवर असेल तर फ्रिजचं पाणी मिसळून १८ अंशांचं केलेलं पाणी त्यात घाला, मिश्रण २४ वर येतं. २० च्या मागे लागू नका. एचपी५ प्लस या फिल्मला आयडी-११ च्या या मिश्रणात २० अंशांना १३ मिनिटं लागतात, २४ ला साधारण ९. पाणी न घातलेला डेव्हलपर ३० अंशांना वापरलात तर वेळ पाच मिनिटांच्या खाली येतो आणि मग चित्रातल्या आकाशात पट्टे उमटतात. थर्मामीटरवर कंजुषी नको.

ओतल्यावर टाकी ओट्यावर दोनदा आपटा, बुडबुडे सुटतात. पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा उलटीसुलटी करा, मग दर मिनिटाला तेच. पुढे डेव्हलपिंग थांबवायला व्हिनेगर एक भाग, पाणी तीन भाग, अर्धा मिनिट. मग फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं द्रावण: रॅपिड (झटपट काम करणारा) असेल तर १+४ (एक भाग फिक्सर, चार भाग पाणी), पाच मिनिटं, साधा हायपो (सोडिअम थायोसल्फेट) असेल तर दहा. फिक्सर जिवंत आहे का, हे फिल्मच्या कापलेल्या तुकड्यावर कळतं. उजेडातच तो फिक्सरमध्ये टाका, पांढुरका थर निघून पारदर्शक व्हायला लागलेल्या वेळेच्या दुप्पट फिक्स करा. नव्या फिक्सरला लागला होता त्याच्या दुप्पट वेळ लागू लागला, की फिक्सर संपला.

शेवटपर्यंत सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणी २४ च्या दोन-तीन अंशांत ठेवा. गरम पाण्यात जिलेटिन फुगून मऊ पडतं, एकदम गार-गरम झालं तर त्याला सुरकुत्या पडतात, त्या निघत नाहीत. थर्माकोलच्या खोक्यात पाणी आणि बर्फाची बंद पिशवी, त्यात सगळ्या बाटल्या, एवढं पुरतं.

शेवटी फिक्सर धुऊन काढायला नळ सोडून ठेवायची गरज नाही. टाकी भरून पाच वेळा उलटवा, पाणी बदला, दहा वेळा, पुन्हा बदला, वीस वेळा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून घालायच्या द्रवाचे) दोन थेंब. इमारतीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर हे टाळूच नका, डाग पडतात.

निगेटिव्ह फिकं आलं तर आधी फिल्मच्या कडेला कंपनीने छापलेले आकडे बघा. तेही फिके असतील तर डेव्हलपिंग कमी पडलं. आकडे ठसठशीत आणि चित्र फिकं असेल तर कॅमेऱ्यातच प्रकाश कमी पडला. आकडेही नाहीत, फिल्म कोरीच, तर बहुधा फिक्सर आधी ओतला गेला. दुधट डाग असतील तर रोल परत फिक्सरमध्ये घाला, वाचतो.

याच हवेत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये उभी राहिली, आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिथे हौसेने फोटो काढत होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘मुंबईत जमत नाही’ हे फार ऐकायला येतं.

वाळवताना बाथरूममध्ये गरम पाणी सोडून धूळ बसवा, फिल्म चिमट्याने टांगा, खाली दुसरा चिमटा वजनाला, पंखा बंद. पावसाळ्यात रात्रभर राहू द्या. अर्धवट वाळलेली फिल्म स्लीव्हमध्ये (निगेटिव्ह ठेवायच्या पाकिटात) गेली तर चिकटते, आणि मग बुरशी धरते. सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापा, पॉलिप्रॉपिलीनच्या (प्लॅस्टिकच्या) स्लीव्हमध्ये घाला, आणि लेन्ससकट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवून बंद करा. बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात नको, ती भिंत जुलैत ओलावते. डब्यात छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा) ठेवा आणि आर्द्रता ५० टक्क्यांवर गेली की जेल बदला.