एवढे अर्ज करूनही कुणी उत्तर देत नाही, माझ्यातच काही कमी आहे का?

नोकरी शोधत असलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा हा प्रश्न कधी ना कधी येतोच. ज्या मुलीबद्दल सांगतेय तिने तर पहिल्याच भेटीत बसल्या बसल्या विचारला (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत). नोकरी सुटलेली, अकाउंट्सचा थोडाफार अनुभव, आणि दिवसभर हातात फोन. क्लासिफाइड साइटवर जाहिरात दिसली की अप्लाय, परत दिसली की परत अप्लाय, रात्री दीड-दोनपर्यंत हेच, सकाळी डोळे उघडले की आधी इनबॉक्स, आणि त्यात काही नसलं की सगळा दिवस वाया.

मी तिला म्हटलं, उत्तर आलं नाही म्हणजे मला नाकारलं असं तू धरून चाललीयेस, ते आधी तपासून बघू. मग तिने अर्ज केलेल्या जाहिराती तिच्याच फोनवर एकेक करून उघडल्या. काही कधीच काढून टाकलेल्या, काही जुन्याच पण यादीत वर दिसाव्यात म्हणून परत परत टाकलेल्या. एका जाहिरातीतलं एक वाक्य कॉपी करून सर्च केलं तर शब्दन् शब्द तोच मजकूर, फक्त कंपनीचं आणि शहराचं नाव वेगळं, असा कितीतरी ठिकाणी. म्हणजे जिथं मुळात नोकरीच नव्हती तिथून उत्तर आलं नाही म्हणून ही पोरगी रात्र रात्र स्वतःला कोसत होती.

हे बघून जरा मोकळी झाली आणि मग खाली मान घालून तिने एक चॅट दाखवलं. "घरबसल्या डेटा एन्ट्री, अनुभवाची गरज नाही, आजच जॉइनिंग." मुलाखत चॅटवरच, चार-पाच प्रश्न, की लगेच "अभिनंदन, तुमचं सिलेक्शन झालं आहे" आणि लोगो लावलेलं लेटर. मग रजिस्ट्रेशन फी, पहिल्या पगारात परत मिळणार म्हणून, ती तिने भरली होती. आता लॅपटॉपचं डिपॉझिट मागत होते आणि शेवटचा मेसेज असा, "रात्री बारापर्यंत पेमेंट झालं नाही तर सीट दुसऱ्याला जाईल." घरी कुणालाच माहीत नाही. मला म्हणाली, "मॅडम, मला कळत होतं हो, तरी भरले."

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय ना, त्यामुळे शिकलेली माणसं कशी काय फसतात असं कुणी म्हटलं की मला खरंच राग येतो. कळत असतंच. पण कितीतरी दिवस कुणी साधं "मिळाला तुमचा अर्ज" एवढंही म्हणत नाही आणि मग अचानक कुणीतरी नावाने हाक मारून तुमची निवड झाली म्हणतं, तेही रात्री, एकटं असताना, तेव्हा माणूस थकव्यापोटी हो म्हणतो. म्हणून नियम दिवसा, डोकं शांत असताना ठरवायचा आणि रात्री फक्त पाळायचा, त्यावर परत विचार करायचा नाही. आमचा नियम असा ठरला की नोकरीसाठी पैसे मागितले की चॅट बंद, कारण ऐकायचं नाही, मग फी म्हणा, किट म्हणा, डिपॉझिट म्हणा. तिला भीती, एखादी खरी नोकरी हातची गेली तर? तेव्हा मी तिला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराबद्दल सांगितलं, त्यातही मूळ नियम हाच आहे की नोकरी लावून देणाऱ्या खासगी एजन्सीने कामगाराकडून फी घ्यायची नाही, अपवाद अगदी मोजके. ते ऐकून तिला धीर आला, तिथंच नंबर ब्लॉक केला.

अर्ज करायची पद्धतही बदलली. रात्री जाहिराती बघणं बंद, सकाळी ठरलेला वेळ, तेवढाच. आधी ताज्या जाहिराती. कंपनीचं नाव घेऊन थेट त्यांच्या वेबसाइटवर जायचं आणि तिथल्या नंबरवर फोन करून विचारायचं की ही जागा खरंच आहे का, जाहिरातीतल्या नंबरवर नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवायचा, कारण ती कधी गायब होईल सांगता येत नाही. सीव्हीतून जन्मतारीख, घरचा पूर्ण पत्ता काढून टाकला, ओळखपत्र आणि बँक डिटेल्स लेखी ऑफर आल्यावर आणि कंपनीची खात्री पटल्यावरच.

अर्ज खूप कमी झाले आणि तिला सुरुवातीला फार अपराधी वाटायचं, जणू आळशीपणा चाललाय. मग एका छोट्या ऑफिसात मुलाखत झाली आणि तिथं नाही म्हणाले. येऊन मला सांगते, "या वेळी तेवढं लागलं नाही, निदान माणसाने समोर बसून नाही म्हटलं." पुढे अशीच खात्री करून घेतलेल्या एका जाहिरातीतून तिला अर्धवेळ अकाउंट्सचं काम मिळालं, आता तिथंच आहे.

ज्यांनी ऑलरेडी पैसे भरलेत त्यांनी मेसेज डिलीट करू नका, लाज वाटते म्हणून तेच आधी पुसलं जातं आणि पुरावा जातो. आधी बँकेला फोन, मग पोलिसात तक्रार, आणि घरातल्या एकाला तरी त्याच दिवशी सांगा. नंतर कुणी "थोडी फी द्या, तुमचे गेलेले पैसे काढून देतो" म्हणत आला तर त्यालाही एक पैसा देऊ नका, बरेचदा तीच टोळी दुसऱ्या नावाने आलेली असते.