हाडं आणि कागद

प्रिय,

तुझं पत्र पोचलं. ‘हुकूमशहा गेला की त्याला सरळ तुरुंगात टाकावं, आयोग आणि चौकश्या कशाला?’ हा तुझा सवाल. राग रास्त आहे. पण प्रबंधासाठी अर्जेंटिना घेतलाच आहेस, तर निकालपत्र नंतर वाच, आधी कबरींकडे जा.

डिसेंबर 1983 मध्ये लष्करी राजवट संपली आणि लष्कराने उचलून बेपत्ता केलेल्या माणसांच्या शोधात बेवारस कबरी उकरायची घाई झाली. बुलडोझर लावले. कवट्या फुटल्या, एकाची हाडं दुसऱ्यात मिसळली. खुनाचा पुरावा शोधणाऱ्यांच्याच हातून मातीत जात होता. 1984 मध्ये क्लाइड स्नो हे अमेरिकी न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ आले. त्यांनी तुझ्यासारखीच विद्यार्थी पोरं हाताशी धरली आणि ब्रश, थापी, चाळणी घेऊन काम नव्याने सुरू केलं. पुढच्याच वर्षी लष्करप्रमुखांवरच्या खटल्यात त्यांनी स्लाइड दाखवून साक्ष दिली. नऊपैकी पाच जण दोषी ठरले. राजवटीचा पहिला प्रमुख व्हिदेला आणि नौदलप्रमुख मासेरा यांना जन्मठेप झाली.

तिथे थांबू नकोस, कारण पुढचा भाग कडू आहे. 1986 आणि 1987 च्या कायद्यांनी बाकीचे खटले गुंडाळले, 1990 मध्ये राष्ट्राध्यक्ष मेनेम यांनी व्हिदेलालाही माफी दिली. (हे वाचताना माझं अजून डोकं फिरतं.) पण कैदेतल्या बायकांची बाळं पळवण्याचा गुन्हा त्या कायद्यांच्या कक्षेबाहेर राहिला होता. पळवलेली नातवंडं शोधणाऱ्या, ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकातल्या आज्यांनी नेमकी तीच फट पकडली. नातवंडांची ओळख पटवायला रक्ताच्या नमुन्यांची राष्ट्रीय बँक 1987 मध्येच कायद्याने उभी राहिली होती. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे घटनाबाह्य ठरवले. 2012 मध्ये बाळांच्या चोरीबद्दल व्हिदेलाला 50 वर्षांची शिक्षा झाली, आणि पुढच्या वर्षी तो तुरुंगातच मेला.

नातेवाइकांचे हेबिअस कॉर्पसचे, म्हणजे ‘उचललेला माणूस कोर्टापुढे हजर करा’ असे, फेटाळलेले अर्जही मिळतील तेवढे वाच. माणूस कधी, कुठून उचलला, हे त्यांत ताज्या आठवणीतून उतरलेलं असतं. आपल्याकडेही एप्रिल 1976 मध्ये, आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयाने हाच दरवाजा बंद केला, न्या. खन्ना तेवढे विरोधात गेले. तुलनेचा मोह होईल, पण ती तळटीपेत आटप. दोन्ही देशांचा तराजू एक नाही.

स्पॅनिशचा वर्ग आजच लाव. पहिलं प्रकरण दिवाळीआधी पाठव, कच्चं असलं तरी चालेल.

तुझा,
सर